जयवंतीने थांबवलेली बातमी

वाणगावच्या पूर्वेला डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर जयवंती हाडळचा पाडा आहे. तिचे आईवडील पावसावरची भातशेती करायचे आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. जयवंती पाड्यातली बारावी झालेली पहिली मुलगी. पुढे ती बोईसरच्या ‘डोंगरकिनारा’ या साप्ताहिकात अंक वाटायला लागली, मग बातम्या आणायला लागली, आणि आज चाळिशीत त्या साप्ताहिकाचा अर्धा भार तिच्यावर आहे. उरलेला अर्धा संपादक ज्ञानेशवर. ज्ञानेशचे वडील साताऱ्याकडून वीज प्रकल्पात नोकरीला आले होते. तो वाढला तारापुरात.

छापील अंकापेक्षा जयवंतीची ओळख झाली ती तिच्या आवाजी बातम्यांमुळे. रोज संध्याकाळी ती पाच मिनिटांच्या बातम्या आपल्या वारली बोलीत फोनवर रेकॉर्ड करून पाठवते. ज्यांना वाचता येत नाही ते कामावरून आल्यावर त्या ऐकतात. रेशन कधी येणार, दाखल्यांचं शिबिर कुठे, कुठल्या पाड्यावर विहिरीचं पाणी खराब झालं. "जयवंती बोलली" म्हटलं की त्यावर पुन्हा चर्चा होत नाही.

हा विश्वास तिने एकदा घालवलाही होता. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीत तिच्याकडे एक निरोप आला: बोईसरजवळच्या साखरबाई नावाच्या किराणा दुकानदार बाई आदिवासी गिऱ्हाइकांकडून मिठावर हात ठेवून मताची शपथ घेतात. साखरबाई बीडकडच्या. जयवंतीने विचारपूस न करता ‘अशी चर्चा आहे’ म्हणून ते सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी दुकान फोडलं. आठवड्याभराने कळलं की त्यात काही तथ्य नव्हतं. शेजारच्या दुकानदाराने ते उठवलं होतं. जयवंती माफी मागायला गेली तेव्हा साखरबाई सामान बांधत होत्या. त्या म्हणाल्या, "तू वाईट न्हाईस बाई. पर इचारायला दोन पावलं चालली असतीस तर बरं झालं असतं." त्या गावी निघून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

त्यानंतर यंदा पंचायत समितीची निवडणूक आली. प्रचार तापला होता. एका बाजूने ‘स्थानिक’ आणि ‘बाहेरचे’ असे शब्द वारंवार येत होते. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास जयवंतीच्या फोनवर एक व्हिडिओ आला. बोईसरच्या एका कामगार चाळीसमोर रस्त्यावर एक तरुण पडलेला, शर्ट रक्ताने माखलेला. मागून आवाज: "बघा, प्रचाराला गेलेल्या आपल्या पोराला परप्रांतीयांनी मारला. अजून किती दिवस गप बसायचं?"

पोरगा तिने लगेच ओळखला. शेजारच्या पाड्यावरचा मिथुन, सोमीचा एकुलता एक मुलगा.

पाठोपाठ ज्ञानेशचा फोन आला. "वाणगाव नाक्यावर माणसं जमतायत. दोन टेम्पो आलेत. बाकीच्या सगळ्या पेपरवाल्यांनी बातमी टाकली. आपण निदान ‘मारहाण झाल्याची चर्चा’ एवढं तरी टाकू का?"

"चर्चा हाय, असंच मी साखरबाईंचंही सांगितलं होतं," जयवंती म्हणाली.

ज्ञानेश म्हणाला, "बरं. मी पोलीस ठाण्यात कळवतो. तू काय करतेस?"

"मी मिथुनला शोधते."

ती स्कूटरवर बोईसरला पोचली. आधी त्या चाळीत गेली. दारं बंद होती. एका खिडकीतून एका बाईने घाबरत सांगितलं, "लड़के को रामनाथ भैया रिक्शा में ले गए, अस्पताल." कुठल्या, ते तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यात जयवंतीला मिथुन सापडला. कपाळाला टाके, डावा हात प्लास्टरमध्ये. दाराशी बाकड्यावर पन्नाशीचा एक माणूस बसला होता, त्याच्या शर्टावर वाळलेलं रक्त. तो रामनाथ. कारखान्यातली पाळी सोडून थांबला होता. जयवंतीने का थांबलात विचारलं तर म्हणाला, "इसका कोई आया नहीं अभी तक. अकेला छोड़ के कैसे जाता?"

मिथुन तिच्याकडे बघेना.

"कोणी मारलं?" तिने विचारलं.

"कोणी नाय." मग घाईघाईने, "काय आठवत नाय, बाय."

"मारलं नाय का आठवत नाय? दोन गोष्टी एकदम सांगू नको."

तेव्हा हळूहळू निघालं. तो मोटरसायकलवरून येत होता, एका हाताने फोन धरून बोलत. रस्त्यावरच्या खडीवर गाडी घसरली. फोनचा चुरा झाला. चाळीतल्या लोकांनी पाणी पाजलं, रामनाथने रिक्षात घातलं. तासाभरापूर्वी एका उमेदवाराचा माणूस येऊन गेला होता. तो म्हणाला होता, उद्या संध्याकाळपर्यंत तोंड उघडू नको, लोक म्हणतात ते म्हणू दे, पुढे तुझ्या नोकरीचं बघू.

"नोकरीचं खरंच बघतील काय?" मिथुनने विचारलं. त्याचं वय बावीस. दोन वर्षं तो कंत्राटदारांच्या दारात फिरत होता, हे जयवंतीला माहीत होतं. तिला त्याचा राग येईना.

"मला माहीत नाय," ती म्हणाली. "पण वाणगावला दोन टेम्पो भरतायत. ते त्या चाळीवर जाणार. तुझ्या नावाने."

मिथुनने दाराकडे पाहिलं. रामनाथ नर्सकडे पाण्याचा ग्लास मागत होता; तो मिथुनसाठीच होता. ग्लास हातात आल्यावर मिथुन म्हणाला, "मी बोलतो. कर चालू."

त्याने आपल्या बोलीत सांगितलं, मला कोणी मारलं नाही, मी स्वतःच्या चुकीने पडलो, या लोकांनी मला उचललं. सव्वा मिनिट. रामनाथने हात जोडले, "मेरा नाम मत डालिए." जयवंतीने त्याचं नाव घेतलं नाही. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून जखमा पडल्याच्याच आहेत ना, याची खात्री केली आणि बातमी पाठवली. ज्ञानेशने ती आणखी शंभर ठिकाणी टाकली. मग रामनाथचा नंबर घेऊन ती वाणगावला निघाली, कारण बातमी पाठवली म्हणजे लोकांनी ऐकली असं होत नाही.

नाक्यावर साठ-सत्तर माणसं होती. पुढच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी त्यांनी सोमीलाच बसवलं होतं. ती डोक्यावर पदर ओढून रडत होती. दोन हवालदार रस्त्यात आडवे उभे होते. आणखी पोलीस निघालेत, असं ते सांगत होते.

जयवंतीने बातमी ऐकवली. पुढचे काही जण गप्प झाले, पण मागून एकजण म्हणाला, "आजकाल आवाज बनवता येतो. मोबाईलमधलं काय खरं?"

पहिल्यांदाच कोणी तिच्या तोंडावर असं म्हणत होतं. आणि तो चुकीचंही बोलत नव्हता. तिने रामनाथला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सोमीच्या हातात दिला.

पडद्यावर मिथुन दिसला. सोमीने आधी त्याचं कपाळ पाहिलं, मग हात. सगळे कान देऊन उभे होते.

"जेवलास काय?" तिने विचारलं.

"हा. यांनी वडापाव आणला."

"कोनी मारला तुला?"

"कोनी नाय आय. मी पडलो. हे लोक नसते तर मी तिथंच पडून असतो."

सोमीने डोळे पुसले. तिचा आवाज बदलला. "आणि गाडी कोनाची नेलीस?"

मिथुनने मान खाली घातली. "मामाची."

"विचारून?"

गर्दीत उभा असलेला मिथुनचा मामा पुढे झाला. "माझी गाडी? सकाळपासून मी ती शोधतोय."

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. सोमी टेम्पोतून उतरली आणि म्हणाली, "मी घरी जाते. तुमाला जायचं तर जा, पण माज्या पोराचं नाव घेऊन नको." टेम्पोच्या मागच्या फळीवर बसलेले दोघे-तिघे खाली उड्या मारून उतरले. काहीजण थोडा वेळ रेंगाळले, चहाच्या टपरीकडे वळले. मामा दवाखान्याकडे निघाला, गाडीपेक्षा पोराची काळजी आता त्याला जास्त होती. पोलिसांची गाडी आली तेव्हा दोन्ही टेम्पो रिकामे होते.

जयवंती टपरीवर टेकली. हवालदाराने तिच्यासमोर चहा ठेवला. तिने ज्ञानेशला फोन केला तर तो म्हणाला, "चाळीतून फोन आला होता. दारं उघडली लोकांनी."

त्या संध्याकाळी इतरांनी आपापल्या बातम्या गुपचूप काढून टाकल्या. एकाने मात्र तशीच ठेवली. जयवंतीने आवाजी बातम्यांत तो व्हिडिओ कसा खरा होता आणि त्यावरचा आवाज कसा खोटा होता, एवढं सावकाश समजावून सांगितलं. कोणाला शिव्या दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रांगा लागल्या. चाळीतल्या ज्यांची नावं यादीत होती ते आले, पाड्यांवरच्या बाया नटून आल्या. मिथुनही आला, प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटाला शाई लावताना मतदान अधिकारी त्याला म्हणाले, "दुखलं तर सांग रे." जयवंती एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर फिरत राहिली आणि प्रत्येक ठिकाणाहून ज्ञानेशला तेच कळवत राहिली: सगळं ठीक आहे.

दुपारी चारला ज्ञानेश वैतागून म्हणाला, "अगं, छापायला काहीतरी दे. सगळीकडे ठीकच आहे तर पहिलं पान कशाने भरू?"

"बायांच्या रांगेचा फोटो टाक," ती म्हणाली. "मोठा टाक."

मग तिने स्वतःचं मत दिलं. घरी आली, भात आणि सुक्या बोंबलाची चटणी पोटभर खाल्ली. आईने विचारलं, आज बातम्या नाहीत का? "हायत ना. सगळं ठीक हाय, हीच बातमी," म्हणत ती ओट्यावर आडवी झाली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. आईने शेजारणींना खुणेनेच गप्प केलं.