जिलबी आणि कडू घास

जालन्याच्या स्टेशनावर काचीगुड्याची मीटरगेज गाडी उभी होती. माय खिडकीतून दशम्यांचं गाठोडं आत कोंबत होती आणि दादा, म्हणजे माझे वडील, उगाच इंजिनाकडं बघत उभे होते. मी बंगळुरूला चालले होते, रॉकेटच्या कामावर. आमच्या हसनाबादेत तोवर बंगळुरू कुणी बघितलेलं नव्हतं, आणि रॉकेट म्हणजे दिवाळीला बाटलीत उभं करून उडवतात ते. माय सारखी विचारत होती, "तिथं जवारी भेटती का गं?" मी म्हणाले, भेटत असेल. "असंल म्हंजी? बराबर विचारून घ्यावं न्हाई का माणसानं!" गाडी हलली तसे दादा खिडकीला धरून थोडं चालले आणि म्हणाले, "सुमन, तुमचं ते रॉकेट सुटलं की मला सांग. दुसऱ्याकडून कळू नये." बाकी काही नाही. डोळे पूस, नीट राहा, काही नाही.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, गावात राहिलात त्यांच्यासाठी आणि माझ्यासारखे उठून गेलात त्यांच्यासाठीही. गेलेल्यांनी वाचलं तर बरं. आपण सगळे एकमेकांना भेटलो की गावाच्या मातीचं, आंब्याचं, लोणच्याचं बोलतो. लाजेचं कुणी बोलत नाही. मी बोलणार आहे, कारण माझ्या पोटात ती फार वर्षं बसली आहे.

बंगळुरूत माझं काम हलवाहलवीचं. रॉकेट उडताना आतलं सगळं गदागदा हलतं, म्हणून वर पाठवायचा एकेक डबा आम्ही खालीच यंत्रावर ठेवून हलवून बघायचो. मोडायचाच असेल तर इथं मोडू दे. मायला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजी मडकं घेताना वाजवून बघतो तसं." अगदी तसंच. आमच्याकडं तेव्हा पैसा थोडा आणि हौस मोठी. बाहेरच्या देशांनी जे विकायला नकार दिला ते आम्ही घरी करायला बसलो होतो. जेवणाच्या सुट्टीत तमिळ, मल्याळी, बंगाली, कानडी, सगळे एका टेबलावर डबे उघडायचे आणि मायच्या शेंगदाण्याच्या चटणीवर तुटून पडायचे. माझं कानडी ऐकून भाजीवाली हसायची. मी सुखात होते हो. तेव्हा कळलं नाही, ते सोडा.

माझ्या हातचं पहिलं वर गेलं त्या दिवशी मी ऑफिसातून ट्रंक कॉल लावला. गावात फोन एकच, पोस्टात. पोस्टमास्तर धोतर सावरत दादांना बोलवायला मळ्यात गेले. दादा धापा टाकत आले आणि फोनवर ओरडले, "सुटलं का?" मी म्हणाले, "सुटलं दादा, बिलकुल सरळ गेलं." फोन ठेवला न ठेवला तोच ते हॉटेलात गेले आणि म्हणाले, गावाचं तोंड गोड करायचं. तिथं पाराखाली वाद झाला. आमच्याकडं मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर जिलबी. मंग रॉकेटला काय? शाळेचे हेडमास्तर म्हणाले, ते रॉकेट, नपुंसकलिंगी, साखर वाटा. कुणी म्हणालं, एवढा जोर लावून वर गेलं म्हंजी पोरगाच. दादांनी सगळ्यांना गप केलं. "माझ्या लेकीचं हाय. जिलबी."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. वर काही गेलं की आधी माझा फोन पोस्टात आणि मागोमाग पाराखाली परातभर जिलबी. आमच्या शेजारच्या गंगूमावशी, ज्यांना चंद्र आणि सॅटेलाइट यांतला फरक आयुष्यात कळला नाही, त्या मला सुट्टीत बघितलं की विचारायच्या, "का गं, आता कधी हाय तुझं?" एखाद्या पोटुशी बाईला दिवस विचारावेत तसं. मी लग्न केलं नाही, मला मूल नाही. पण मावशींच्या त्या विचारण्यात कधी टोमणा नव्हता. त्यांच्या हिशेबी मी लेकुरवाळीच होते.

मग मी सोडलं.

नव्वद सालानंतर सगळं बदलत होतं. आभाळ हा बाजार झाला होता. टीव्हीची चॅनेलं, फोन, सगळं उपग्रहावरून, आणि एकेक उपग्रह म्हणजे सोन्याचा हंडा. तो वर नेताना फुटला तर भरून कोण देणार? त्यासाठी लंडनला विमा उतरवणाऱ्या कंपन्या. त्यांना असं माणूस हवं होतं, ज्याला डबा कुठं मोडतो ते माहीत आहे. ती मी. तिकडं कुणी मला ढकललं नाही, इथं कुणी छळलं नाही. मला जग बघायचं होतं, मोठं घर हवं होतं आणि माझं कौतुक व्हायला हवं होतं. खरं सांगायचं तर एवढंच.

दादांना मोसंबीच्या बागेत सांगितलं. ते आळी करत होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी तू आता रॉकेट सोडणार न्हाईस. दुसऱ्यांचं पडंल का, ते सांगत बसणार."

"पडू नये म्हणूनच असतं ते दादा."

"हां. पण पडंल असं धरून बसायचं." त्यांनी फावड्याची माती झटकली. "जा. गावात मी सांगतो."

लंडनचं सांगू का? काचेचं ऑफिस, मगभर कॉफी, ब्रोकर, मीटिंग, प्रीमियम, क्लेम. बंगळुरूत काउंटडाऊन सुरू झालं की कँटीनचा आचारीसुद्धा हात जोडून उभा राहायचा. लंडनमध्ये पडद्यावर रॉकेट चढत असायचं आणि बाजूचा माणूस सँडविच खात विचारायचा, आपला हिस्सा किती? वाईट माणसं नव्हती ती. माझ्या वाढदिवसाला केक आणायची. पण तिथं कुणाचं काही जन्मत नव्हतं आणि मरत नव्हतं. पोस्टात मी फोन करणं बंद केलं. सांगायचं तरी काय? दादा, आज कुणाचं तरी सुटलं आणि आमचा क्लेम वाचला?

दोनेक वर्षांनी रजा काढून घरी आले. जालन्याहून एस.टी.नं हसनाबादेत उतरले तर चाकाची बॅग बघून पोरं मागं लागली, आणि पारावरून हेडमास्तर ओरडले, "आलात का सुमनताई! ऐन मोक्याला आलात! परवाच हाय न्हवं?"

आपलं नवं रॉकेट परवा उडणार होतं, हे मला माहीत होतं. चांगलंच माहीत होतं. ते नीट गेलं असतं तर आपला देश पुढं पैसे घेऊन दुसऱ्यांचे उपग्रहही वर नेणार होता, स्वस्तात. म्हणून आमच्या ऑफिसात त्याच्यावर टिपण झालं होतं, आणि ते मी केलं होतं: गाडी नवखी आहे, घाई करू नये, विम्याचा दर चढा ठेवावा. आणि इकडं गाव मला विचारत होतं, सगळं बराबर हाय ना, ताई? मी नुसती मान हलवली.

घरी येऊन दादांवर बरसलेच. "तुम्ही गावात सांगितलं नाही?"

दादा पानाला चुना लावत होते. "सांगणार व्हतो."

"दोन वर्षं झाली!"

"अगं, लोक यायचे, म्हणायचे, दादा, टीव्हीवर दाखवलं, सुटलं म्हणं. जिलबी कुठं हाय? मंग मी काय सांगू त्याहिला? आणली जिलबी." मायनं चुलीपासून तोंड न वळवता म्हटलं, "मी म्हणत व्हते यांना, सांगून टाका. तर म्हणले, लोकांचं तोंड कडू कामून करायचं."

मी ठरवलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी शाळेतल्या पोरांसमोर बोलायला नेलं आणि मी डबे कसे हलवतात ते सांगून आले. हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या पोरांनी. काय कप्पाळ सांगणार होते मी!

परवा आला. ग्रामपंचायतीचा टीव्ही ओट्यावर काढला, कुणी अँटेना धरून माळवदावर उभं राहिलं. सगळ्यात पुढं मला खुर्ची. परात हॉटेलात तयार होती, वास येत होता. रॉकेट उठलं. गाव ओरडलं. वर गेलं, लहान झालं, ठिपका झालं, आणि मग टीव्हीतला माणूस बोलता बोलता अडखळला. मला त्याच्याआधी कळलं होतं. रेषा वाकली की कळतं. ते समुद्रात गेलं.

आणि त्या क्षणाला माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, सांगते. दर. माझा अंदाज बरोबर निघाला, दर चढाच ठेवावा लागणार. आधी हे आलं. त्या टेबलावरची माझी माणसं, ज्यांनी माझ्या मायची चटणी खाल्ली, जी आत्ता तोंड झाकून रडत असतील, ती नंतर आठवली. मान वळवून बघितलं तर सगळं गाव माझ्याकडं बघत होतं, हळव्या नजरेनं, मयताच्या घरी बघतात तसं. धरणी फाटून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? तसं झालं.

दादा उठले. हॉटेलवाल्याला म्हणाले, "परात झाकून ठेव." आणि आम्ही घरी आलो.

दिवस मावळायला मायनं चूल पेटवायला काटक्या घेतल्या, तोच दारात गंगूमावशी. "पेटवू नको गं," त्या मायला म्हणाल्या. डोक्यावर टोपलं. टोपल्यात पिठलं, भाकरी, आणि वर कडुलिंबाची डहाळी. त्यांच्या मागं आणखी दोघी, त्यांच्याही हातात पितळ्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतले, शेजारचे भाकरी घेऊन येतात. आधी लिंबाचा पाला चावायचा आणि मग त्यांच्या हातचं खायचं. त्याला कडू घास म्हणतात. माझी आजी गेली तेव्हा मी तो खाल्ला होता.

मावशींनी लिंबाची पानं माझ्यापुढं धरली. "घे बाई. लई दिवस वागवलं असशील त्याला."

मला ते हातात घेववेना. दुसऱ्याच्या घरचं सुतक फुकट पाळल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "मावशी, नका देऊ. ते माझं नव्हतं. मी ते काम कधीच सोडलं. मी परदेशात असते, पडणाऱ्या रॉकेटांचा हिशेब करते. तुम्हाला सगळ्यांना फसवलं आम्ही."

दादांनी मान खाली घातली. त्यांची मान मी तशी आधी कधी बघितली नव्हती.

मावशी खाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं. "माहीत हाय की."

"काय माहीत आहे?"

"अगं, आदी पोस्टात तुझा फोन यायचा आन् मंग जिलबी यायची. मंग फोन बंद झाला, जिलबी येतच ऱ्हायली. गाव काय खुळं हाय का? समद्याला ठावं हाय. हेडमास्तरला बी."

"मग मला शाळेत कशाला नेलं? हा घास कशाला आणला?"

"तुझ्या बापानं खाऊ घातलेली जिलबी खाल्ली न्हवं आम्ही? तुझी नसतानी बी खाल्ली," मावशी जरा रागानंच म्हणाल्या. "जल्मलं तवा ह्याच घरातून वाटलं. आता पडलं तर घास कुठं न्यायचा? तूच सांग. आणि तू सोडलंस म्हणून ते आपलं ऱ्हायलं न्हाई व्हय?"

दादांनी हात पुढं केला, पानं घेतली, चावली. मग मायनं. मग मी. तो लिंब इतका कडू होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. मावशी पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाटलं असेल, रॉकेटसाठी रडून राह्यली. मी माझ्यासाठी रडत होते.

आता दादा नाहीत, मायही नाही. हसनाबादच्या घराला कुलूप आहे. त्या रात्री मी परत यायचं ठरवलं, असं मी लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. नाही ठरवलं. मी लंडनलाच राहिले, वर चढले, आणि आपलं रॉकेट पुढं झकास उडायला लागलं, परदेशाचेही उपग्रह घेऊन जायला लागलं. प्रत्येक वेळी मी कागदावर दर खाली आणत गेले आणि मनातल्या मनात दादांना फोन करत गेले.

मग अलीकडं एक पुन्हा पडलं. दुसरं, मोठं. ऑफिसात मी पडद्यासमोर बसले होते. या वेळी दर डोक्यात आला नाही. मी कोट घातला आणि घरी आले. गॅस पेटवला नाही. तशीच बसले, भर दुपारी, दार वाजेल म्हणून. कोण वाजवणार? शेजारची बाई भली आहे, पण तिला काय माहीत, या घरात काय झालं ते. भूक लागली तेव्हा लाजही वाटली, आणि मी गावी फोन लावला. गंगूमावशींच्या नातवाकडं आता मोबाइल आहे.

मावशींच्या सुनेनं उचलला. मी म्हणाले, "मावशींना दे. त्यांना सांगायचंय, आपलं पडलं म्हणून."

"त्याहिला कळालंय आत्या," ती म्हणाली. "टीव्हीवर बघितलं. त्या घरी न्हाईत. तुमच्याच घराकडं गेल्यात, पिठलं-भाकर घेऊन. मी म्हणलं, अहो तिथं कुलूप हाय, कोण खाणार? तर म्हणल्या, वट्यावर ठेवून येते. त्या घरचं हाय ते."