रिकामा रकाना

खडूचा वास आला की लातूरचं ऑफिस आठवतं. विहिरीतलं पाणी किती खोल आहे ते मोजायच्या टेपला खडू फासतात. भिजेल तिथवर पाणी. त्या नोंदींवरून गावांचा नकाशा रंगवणारं सॉफ्टवेअर मीच बनवलं होतं; पाणी असलेलं गाव निळं, आणि निळ्या गावाला टँकर नाही. त्या उन्हाळ्यात उदगीरकडचे मोजणी करणारे काका आले आणि त्यांनी टेबलावर टेप उलगडला. टोकापर्यंत पांढराच. “विहीर आटली म्हणून रकाना मोकळा सोडला साहेब. नकाशात गाव निळं कसं हाय? टँकर बंद झाला की.” रिकामा रकाना माझं सॉफ्टवेअर शून्य धरत होतं, शून्य खोली, म्हणजे पाणी काठोकाठ. ती चूक मी पाच मिनिटांत दुरुस्त केली. टँकरच्या मंजुरीला महिना लागला. जाताना काकांनी आमच्या कूलरवर दोन बाटल्या भरून घेतल्या. गाव त्यांचंच होतं, हे मला नंतर कळलं. अजूनही ऑफिसात कुणी बाटली भरायला लागलं, की मी उठून बाहेर जातो.