मेरिमच्या पायांतला दोरा

१७ जानेवारी. डोंगरातल्या त्या किर्गिझ वस्तीत हिवाळ्यासाठी मागे उरलेली माणसे एकोणतीस; बाकीची कामासाठी शहरांत. ऊलकानचा मुलगा तिलेकही दुसऱ्या दिवशी मॉस्कोला परतणार होता, आणि चौदा महिन्यांची नात मेरिम अजून भिंत सोडून चालत नव्हती. लेकीचे पहिले पाऊल बापाने पाहूनच जावे, हा ऊलकानचा हट्ट होता.

मूल चालते व्हावे म्हणून पायांतला दोरा कापायच्या रीतीप्रमाणे तिने मेरिमच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधला आणि तिला अंगणातल्या घोंगडीवर उभे केले. वरच्या रस्त्यावरून धावत जो आधी पोचेल, त्याने दोरा कापायचा आणि बक्षीस म्हणून कोकरू न्यायचे.

"आई, एवढ्या बर्फात धावणार कोण?" सून झुराने विचारले.

"जे उरलेत ते धावतील."

उरलेल्यांपैकी दोघेच तयार झाले. शाळेच्या बाई वाटेवर दोनदा आपटल्या. सत्तरी ओलांडलेले जुमाबेक मात्र उतारावर सरळ बसले आणि घसरत अंगणात आले.

"याला धावणं म्हणतात?" ऊलकान म्हणाली.

"वहिनी, आधी पोचायचं ठरलं होतं. कसं पोचायचं, ते कुठे ठरलं होतं?"

त्यांनी दोरा कापला. बर्फाने माखलेली ती दाढी जवळून पाहताच मेरिम पाठ फिरवून चार पावले चालली आणि मागे घोंगडीच्या कडेला बसलेल्या तिलेकच्या मांडीवर कोसळली.

"भावजी, तुमचं तोंड कामी आलं बघा," ऊलकान डोळे पुसत म्हणाली.

मेंढी मार्चमध्ये विणार आहे. जुमाबेकांचे कोकरू अजून द्यायचे आहे.