दवाखान्यासाठी घेतलेली पोत

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही दोघी यवतमाळात एका खोलीत राहायचो. मी मारेगावकडची, ती नेरजवळच्या बंजारा तांड्यावरची. घरच्यांशी ती फोनवर गोरबोलीत बोलायची. मला त्यातलं फारसं कळायचं नाही, पण आई तब्येतीचं विचारते आहे आणि ही बरी आहे म्हणते आहे, एवढं आवाजावरून समजायचं. त्या हिवाळ्यात ती बरी नव्हती.

आधी ओटीपोट दुखायचं. पाळीचं असेल म्हणून तिनं मेडिकलमधून गोळ्या आणल्या. मग अंगावरून पांढरं जायला लागलं, त्याला वास यायचा, आणि अंगात कसकस राहू लागली. अंगावरून जाणं आम्हा मुलींना नवीन नव्हतं. घरोघरी बायकांचं जायचं आणि अशक्तपणा आहे म्हणून सोडून दिलं जायचं. तीही काही दिवस गूळ-फुटाणे खात राहिली. एका संध्याकाळी मात्र म्हणाली, हे अशक्तपणाचं नाही. बसस्टँडच्या रस्त्यावर मोबाईल दुरुस्त करणारा तिचा मित्र मला माहीत होता. त्यांचा संबंध आला होता, हे तिनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

सरकारी दवाखान्यात बिनलग्नाच्या मुलीला काय काय विचारतील, याची तिला दुखण्यापेक्षा जास्त भीती होती. म्हणून आम्ही बाजारातून काळ्या मण्यांची एक साधी पोत घेतली. दवाखान्याच्या फाटकाशी तिनं ती गळ्यात घातली. मी हूक लावून दिला. दोघींनाही हसू आलं नाही.

आत डॉक्टरबाई होत्या. लग्न केव्हा झालं, मूल आहे का, कधी गर्भ पडला का, नवरा काय करतो, असं त्या विचारत गेल्या. लग्नाला किती वर्षं झाली, याचं उत्तर तिनं दोनदा दिलं आणि दोन्ही वेळा वेगळं दिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुझं लग्न झालं की नाही, ते मला नको. संबंध कधी आला, निरोध वापरला का, तेवढं खरं सांग. नाहीतर माझं औषध चुकेल."

ती खाली मान घालून म्हणाली, "नाही वापरला."

त्यानंतर तिनं सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, लाडानंही बोलल्या नाहीत. तपासून त्यांनी सांगितलं की संसर्ग गर्भाशयापर्यंत गेला आहे. औषध अर्धवट सोडलं तर पुढे दिवस राहायला अडचण येऊ शकते. जोडीदारालाही औषध घ्यावं लागेल, नाहीतर हेच पुन्हा होईल, आणि तोवर संबंध ठेवायचा नाही. एचआयव्हीसाठी आणि इतर आजारांसाठी रक्त घेतलं. त्यात काही निघालं नाही, पण लागण झाल्याबरोबर तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी परत यायला सांगितलं.

मित्राला सांगायला ती मला सोबत घेऊन गेली. रसवंतीत ते दोघं समोरासमोर बसले, मी बाजूच्या बाकावर. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मले तं काहीच होऊन नाही राह्यलं," तो म्हणाला. "तुलेच काहून झालं?"

प्रश्नात काय होतं ते तिला कळलं, मलाही.

"पोरायले बरेचदा काही दिसत नाही म्हनते डॉक्टरबाई," ती म्हणाली. "तू औषध घे. मंगच आपन बोलू."

तो दवाखान्यात गेला नाही. दुकानात येणारं कोणीतरी तिथं पाहील, हे त्याचं कारण होतं. काही दिवसांनी गोळ्या घेतल्याचा त्याचा मेसेज आला. कोणत्या, असं तिनं विचारलं, तर त्याला सांगता येईना. तिनं त्याला भेटणं बंद केलं. रात्री रडायची, सकाळी जेवण करून औषध घ्यायची. ताप गेला, दुखणं हळूहळू गेलं.

तीन महिन्यांनी आम्ही परत गेलो. या वेळी गळ्यात काही नव्हतं. रक्तात काही निघालं नाही.

परीक्षा जवळ आली होती तेव्हा त्याचा फोन आला. आम्ही खोलीवर चहा पीत होतो. लघवीला जळजळ होत होती त्याला. प्रेमाचं, भांडणाचं काही न बोलता, कुठं जायचं आणि बाहेरच्या लोकांसमोर काय सांगावं लागतं, एवढंच त्यानं विचारलं. तिनं रस्ता सांगितला, खोली सांगितली. आत गेल्यावर दार लावून घेतात, हेही सांगितलं.

"खरं सांगजो तिथं," ती म्हणाली, "अन् आनखी कोनी असन तं तिलेही घेऊन जाजो."

पलीकडून तो काय म्हणाला, मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून तिनं चहा संपवला.

"असन कोनीतरी," ती म्हणाली. पोरीचं नाव तिनं विचारलं नव्हतं.