हळदीच्या दिवशी लंकेत

माझी सासू ठमाबाई ही आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतोच, पण धवलारीण आली नाही तर लग्न लागलं असं जुनी माणसं मानतच नाहीत. हळदीच्या संध्याकाळी मांडवात दिवा लावून, मुठीत तांदूळ धरून ती धवला गाते. आधी गावच्या देवांना आवतण देते, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक करून नावानं हाक मारते. या, पोरीची हळद आहे, मांडवात येऊन उभे रहा. मी डोंबिवलीत वाढलेली, कॉलेजची दोन वर्षं केलेली. मला हे सगळं खुळचट वाटायचं. पण माझ्या स्वतःच्या हळदीला आमच्याकडच्या म्हाताऱ्या धवलारणीनं माझ्या वारलेल्या बापाचं नाव घेतलं, आणि मी अशी रडले की तोंडावरची हळद धुवून निघाली. तेव्हापासून त्या विषयावर मी गप्प असते.

बाकी विषयांवर नाही हां. माझं आणि सासूचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. ती कळव्याच्या खाडीकाठच्या मिठागरात उभी जिंदगी राबलेली बाई. पायांना भेगा, नाकावर राग, आणि आवाज असा की हाक मारली की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची. मी चहात साखर जास्त घातली की म्हणायची, "डोंबिवलीन काय साखरेचा पाऊस परतो काय?" मी पण ऐकून घेणाऱ्यातली नाही. पण एका माणसाचं नाव निघालं की ती एकदम मऊ व्हायची. ते म्हणजे गोदा.

गोदा ही तिची मिठागरातली जोडीदारीण. ठमाबाई धवल्याची ओळ टाकायची, गोदा मागून उचलायची. वीसेक वर्षं दोघींनी मिळून लग्नं लावली. मग गोदाला कावीळ झाली आणि आठवड्यात आटोपलं. मागे नवरा पंढरी आणि तान्ही म्हणावी एवढी मंजुळा. जाताना गोदानं दुसरं काही मागितलं नाही. एवढंच बोलली, "पोरीचे हलदीला मना हाक मार. तुजीच हाक मना कलंल." ठमाबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. हे मला सासूनं निदान शंभर वेळा सांगितलंय, आणि दर वेळी पदर डोळ्याला लावलाय.

ब्याण्णव साली मंजुळाचं लग्न ठरलं. पंढरीनं रीतीप्रमाणे पहिली सुपारी ठमाबाईला दिली. सुपारी घेतली म्हणजे जीव गेला तरी जायचं, असा आमच्याकडे कायदा. तारीख मेच्या शेवटाची होती.

आता आमचे दौलतराव. म्हणजे माझा नवरा. वागळे इस्टेटमध्ये टेम्पो फिरवता फिरवता त्याचे चार टेम्पो झाले, आणि त्याला आईला विमानात बसवायचं खूळ लागलं. नौपाड्यातला एक ट्रॅव्हलवाला त्याच्या ओळखीचा. तो म्हणाला, श्रीलंकेत गेली दोन-तीन वर्षं मारामाऱ्यांमुळे कुत्रं फिरकत नव्हतं. आता दक्षिणेकडं शांत झालंय, हॉटेलं परत उघडलीत, लोक यावेत म्हणून स्वस्तात नेतायत. आठवडाभर समुद्रकाठी राहा, खा, प्या. झालं! पासपोर्ट आले, तिकिटं आली, गावभर बोभाटा झाला. "ठमाबाय रावनाचे घरी चालली," म्हणून बाया चिडवायच्या. ती वरवर शिव्या द्यायची, पण आतून फुललेली. मिठागरात तिनं सगळा जन्म समुद्राचं पाणी पाहिलं, पण गढूळ, वाफ्यात कोंडलेलं. निळा समुद्र म्हणतात तो तिला बघायचा होता.

आणि मग माशी शिंकली. नवरामुलगा डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत, त्याला मेच्या शेवटी सुट्टी मिळेना. लग्न अलीकडे ओढलं, आणि हळद नेमकी आमच्या लंकेच्या आठवड्यात आली.

"मना नाय जायाचा," ठमाबाई म्हणाली. एकदाच म्हणाली. मी तेव्हाच ओळखलं. ही बाई नाही म्हणायची तेव्हा दहा वेळा म्हणायची आणि भांडं आपटायची. या वेळी भांडं आपटलं नाही.

पंढरी बिचारा साधा माणूस. तो म्हणाला, "जा गो ठमाबाय. पोरगा येवरा नेतोय तं जा." आणि आमच्या दौलतरावांची अक्कल चालली. म्हणाला, "आय, तुझा धवला टेप करू या. मांडवात स्पीकरवर लावतील. आवाज तर तुझाच ना?"

पुढची गोष्ट जरा नीट ऐका. सगळं तिथंच अडलंय. गेलेल्या माणसांना हाक मारायची ती मांडवातच. खाली दिवा हवा, मुठीत तांदूळ हवेत. नुसती घरात बसून हाक मारली तर ती माणसं तिथंच येतात आणि ना पोरगी दिसत ना हळद, उपाशी परत जातात. त्यामुळे स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डरपुढे बसून गोदाचं नाव घ्यायला ठमाबाई तयार होईना. शेवटी तोड निघाली. देवांचं आवतण झालं की ती थांबेल, टेप तशीच थोडा वेळ रिकामी फिरू देतील, आणि मग पुढचा धवला म्हणेल. त्या रिकाम्या जागेत मांडवातल्या कुणा तरी जाणत्या बाईनं तांदूळ हातात घेऊन गोदाला हाक मारायची. पंढरीला हे दोनदा बजावलं. तो दोनदा हो म्हणाला.

टेप केली त्या दुपारी मी घरात नव्हते. आईकडे डोंबिवलीला मोठी बॅग आणायला गेलेली. आले तोवर पंढरी कॅसेट घेऊन गेला पण होता.

लंकेत आम्ही पोचलो तर हॉटेलच्या दारात दोन्ही बाजूंना माणसं उभी. गळ्यात फुलांचे हार घातले. दारातच पुरुषभर उंचीची पितळी समई, ती ठमाबाईच्या हातून पेटवून घेतली. बऱ्याच दिवसांनी पाहुणे आलेत, शुभ असतं म्हणे. मला तर फार छान वाटलं. ठमाबाईनं वात लावली आणि तिचा चेहरा उतरला. "मंजुळाचे मांडवान दिवा कोन लावील गो?" मला विचारते.

"लावेल कुणी तरी," मी बोलले. "मांडवात बायांचा दुष्काळ आहे का?"

समुद्र मात्र खरंच निळा होता. पहिल्या दिवशी ती गुडघाभर पाण्यात गेली, ओंजळीत घेऊन चाखलं, आणि म्हणाली, "आपले परीस खारा कमी हाय." आणि हसली. पुढं काय झालं कोण जाणे, हसता हसता गप्प झाली आणि बाहेर येऊन वाळूत बसली. त्यानंतर आठवडाभर तिचं हे असंच. जरा बरं वाटलं की लगेच तोंड पडायचं, जसं काही कुणी बघतंय.

जेवायच्या खोलीत पन्नास टेबलं आणि माणसं आम्ही धरून दहा-बारा. एकेकाच्या मागं तीन तीन वाढपी. ठमाबाई जेवेना, तर ते लोक घाबरले. मॅनेजर स्वतः येऊन विचारायचा, मामाजींना काय आवडत नाही? सासूला मामाजी म्हणायचा, कुणी शिकवलेलं देव जाणे. एके दिवशी खोबऱ्याच्या दुधातलं सुरमईचं कालवण खास तिच्यासाठी करून आणलं, आणि आचारी दारात उभा राहून बघत राहिला. तिनं त्याच्याकडे पाहून दोन घास बळंच गिळले. खोलीत आल्यावर म्हणाली, "तिकरं एकीचा मन मोरून आलू, इकरं यांचा मोरतंय."

"मग जेव ना नीट!" मी ओरडले. "आणि रडायचं होतं तर आलीसच कशाला?"

दौलत माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला. मी कशाला ऐकते. त्याला पण सुनावलं, कॅसेटची अक्कल तुझीच.

हळदीच्या दिवशी तिनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. ऊन कललं तशी उठली, नवं लुगडं नेसली आणि किनाऱ्यावर गेली. मी मागोमाग. वाळूत उत्तरेकडं तोंड करून बसली आणि धवला सुरू केला. भर किनाऱ्यावर! दोन गोरे म्हातारा-म्हातारी खुर्च्यांवर पडले होते, ते उठून बसले. हॉटेलची पोरं गोळा झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगते, तिचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की तिला थांबवायची माझी छाती झाली नाही.

गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, खाडीच्या देवाला बोलावलं. आणि तिथं येऊन ती थांबली. तोंड उघडं, आवाज नाही. ओठ हलतायत. मी खाली बसले, खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "आई, घे ना नाव. इथून घे."

तिनं जोरजोरात मान हलवली. "इकरं हाक मारली तं ती इकरंच येल गो. मंग तिकरं पोरीजवल कोन जाईल?"

आणि तोंडात पदर कोंबून बसली. लाटा येत होत्या, तिचं नवं लुगडं भिजत होतं, आणि मी ते वर आवरून धरलं.

परत आल्यावर घरात पाऊल न टाकता ती पंढरीकडे गेली. मी बॅगा टाकून मागे. पंढरी ओट्यावर होता. "गोदीला हाक कोनी मारली?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

पंढरी खाली बघायला लागला. "झाला ना गो सगला बेस. लोकं बोलली, काय आवाज! काय आवाज!"

"मी काय विचारताव?"

"तो स्पीकरवाला दूर होता. गर्दी होती. कुनाला कलला नाय, कवा थांबायचा ते." मग हळूच म्हणाला, "तू मंजुळाला नको विचारू काय."

असं म्हटल्यावर ती थांबते होय? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मंजुळाच्या सासरी, डोंबिवलीच्या बाजूच्या गावात. हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती पोरीच्या. तिनं पाट दिला, पाणी दिलं, "लंका कसी होती मावशी?" विचारलं. ठमाबाई म्हणाली, "ती जलूं दे. टेपेन रिकामी जागा आली तवा काय झाला ते सांग."

"रिकामी कुठं होती?" मंजुळा म्हणाली.

मग तिनं सांगितलं. देवांचं आवतण झालं, मांडवात सगळे शांत झाले. आणि स्पीकरवर दौलतचा आवाज आला, "आय, विमानान खिरकीची जागा मागू काय?" मागून ठमाबाईचा: "माग, माग! गोदीचा काम झाला. आता मना लंका दाखव." आणि खदाखदा हसणं. टेपच्या तोंडाशी बोललं नाही तर आत जात नाही, अशी त्या मायलेकरांची समजूत! पुढे म्हणे खायला काय घ्यायचं, चकल्या नेऊ देतील का, सगळं आलं. अख्ख्या गावानं ऐकलं.

"मांडवान सगली हसली," मंजुळा म्हणाली. "मी पन हसलू, मावशी. तोंडाला हलद लावलेली, आनि मी पन हसलू. तवर पुरचा धवला सुरू झाला. रातचे घरान गेल्यावर ध्यानान आला, आयेचा नाव तं राहिलाच."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर ठमाबाईनं परत दिल्या असत्या. पोरगी साधं सांगत होती, भाजी कशी झाली सांगावं तसं. ठमाबाईचा चेहरा मी बघितला आणि मान फिरवली. तिनं पुढं होऊन मंजुळाच्या पायाला हात लावला. सत्तरीची बाई, वीस वर्षांच्या पोरीच्या पायाला! मंजुळा दचकून मागं सरली, "असा काय करतस मावशी, मना पाप लागंल."

"मना जायाचा होता गो," ठमाबाई म्हणाली. "कुनी जबरी नाय केली. मनाच जायाचा होता."

मंजुळानं तिला धरून पाटावर बसवलं. मग मंजुळा म्हणाली, "आता घे ना आयेचा नाव. मी बसताव समोर."

"आता नाय घेवत. मांडव उतरला. चुलीम्होरं बोलवून तिला काय दावू?" ठमाबाईनं डोळे पुसले. "आता तुजे पोटी पोरगी झाली, तिची हलद लागली, मंगच. तुजे दारान मांडव परंल तवा."

मंजुळानं तिच्याकडे टक लावून बघितलं. हसली नाही. "मंग तवर जगायला लागंल तुना," म्हणाली, आणि आत चहा ठेवायला गेली.

त्याला आता सहा वर्षं झाली. मंजुळाची मुलगी बालवाडीत जाते. आणि आमची ठमाबाई, जी बाई तापात काढा फेकून द्यायची, ती आता गोळ्या वेळच्या वेळी मागून घेते. साखर सोडली, तंबाखू सोडली, सकाळी काठी टेकत खाडीपर्यंत जाऊन येते. सुपारी तिनं त्यानंतर कुणाची घेतली नाही. पण रोज ओट्यावर बसून धवल्याच्या ओळी पुटपुटते, विसरायला नको म्हणून. देवांपर्यंत येते आणि थांबते.

परवा तिला ठाण्याला डॉक्टरकडे नेलं. तरुण डॉक्टर होता, चेष्टेखोर. रिपोर्ट बघून म्हणाला, "आजी, तब्येत सांभाळताय हां. किती जगायचा विचार आहे?"

"पंधरा वर्सा तरी पायजेन," ती म्हणाली.

"बाप रे! एवढं जगून करायचंय काय?"

"एक हाक मारायची राहिली हाय," ठमाबाई म्हणाली.

डॉक्टर हसला. मी पिशवीतून तिच्या गोळ्यांची चिठ्ठी काढली आणि त्याला म्हटलं, हसू नका, नीट लिहून द्या.