रविवारचं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीने चोपन्नाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं, तेव्हा मी तिची यथेच्छ थट्टा केली. डबा भरून दिला, पेन्सिलीला टोक काढून दिलं, "मधल्या सुट्टीत कुणाशी भांडू नकोस" असंही बजावलं. विद्यापीठाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे रोज सकाळी आम्ही एकाच बसने निघायचो. मी शटर उघडायला, ती वर्गात बसायला. विषय जलप्रशासन. म्हणजे नदीतून कोणी किती पाणी उचलायचं, ते कोणी ठरवायचं आणि ठरवताना कोणाला विचारायचं. गेली बावीस वर्षं ती रस्त्यावर उभी राहून हेच ओरडत होती.

गावभर तिला ताई म्हणतात. नदीच्या वरच्या अंगाला कागदाचा कारखाना आहे, तिथले साहेब लोक मात्र पाठीमागे 'नदीची सासू' म्हणतात. ते कळल्यावर ती खूश झाली होती.

शिकायचं कारणही एका साहेबानेच दिलं. पाणी खात्याच्या सभेत, नदीत आत्ता आहे तेवढं तरी पाणी राखा म्हणत, तिने आपल्या वह्या टेबलावर मांडल्या, तर साहेब म्हणाले, "हे कोणी मोजलं? तुमचं शिक्षण काय?" आईच्या आजारपणात तिचं शिक्षण सुटलं होतं. तिने वह्या उचलल्या. घरी येऊन प्रवेशाचा अर्ज भरला. तिचा राग असाच, तोंड मिटून कामाला लागणारा.

त्या वह्या म्हणजे बावीस वर्षांची मोजणी. दर रविवारी सकाळी आठ वाजता जुन्या पुलाच्या खांबावरची पट्टी वाचायची, पाणी किती सेंटिमीटरवर आहे ते लिहायचं, दोघांनी सह्या करायच्या. मंडळी बारा. रुग्णालयातली नर्स, शिंपी, दोन शिक्षिका, सगळी पोटापाण्याला लागलेली, म्हणून रविवार. ताप असो, घरी पाहुणे असोत, रविवार चुकला नाही.

रविवार सुचवला आणि ही शिस्त लावली ती फोरमनने. तो त्याच कारखान्याच्या पंपघरात होता. राजीनामा साहेबाच्या तोंडावर फेकून आमच्या बाजूला आला, असं ताई प्रत्येक सभेत अभिमानाने सांगायची. आम्हाला भाऊ नाही. घरातला बल्ब गेला तरी आम्ही फोरमनला हाक मारायचो, आणि आईच्या शेवटच्या दिवसांत तिला उचलून बसवायला दुखऱ्या गुडघ्याने जिना चढून तोच यायचा. मी त्याला भाऊ मानलं होतं, हे आत्ता लिहितानाही माझं डोकं सणकतं.

कारखान्याने तिसऱ्या पंपाची परवानगी मागितली होती. ती मिळाली की खालच्या वस्तीच्या विहिरी दोन उन्हाळ्यांत कोरड्या पडणार. सुनावणी ताईच्या परीक्षेनंतर पंधरा दिवसांनी होती, आणि या वेळी 'शिक्षण काय' विचारणाऱ्याला ती शिकूनच उत्तर देणार होती.

वर्गातल्या बाई ताईपेक्षा वीस वर्षांनी लहान. दोघी एकमेकींना मॅडम म्हणायच्या. एकदा बाईंनी प्रत्येकाला कुठलीतरी जुनी मोजणी आणून तपासायला सांगितली. ताईने अर्थातच आपल्या वह्या नेल्या, नव्या सुनेचे दागिने दाखवावेत तशा. बाईंनी पानं उलटली आणि साधंच विचारलं, "मॅडम, सगळे रविवारच का?"

"सुट्टी असते म्हणून."

"कुणाला?"

तेव्हा कुठे ताईच्या लक्षात आलं. पंपघरालाही रविवारी सुट्टी असते. शनिवारी संध्याकाळी पंप बंद होतात, रात्रभरात नदी भरते, आणि सकाळी आठ वाजता आमची मंडळी ते भरलेलं पाणी मोजतात.

त्याच आठवड्यात बुधवारी ती पुलावर गेली. मग रोज, दीड महिना. रविवारपेक्षा इतर दिवशी पाणी नऊ ते अकरा सेंटिमीटर खाली. एवढा फरक काठावरून डोळ्याला दिसत नाही. खालच्या वस्तीतली एक म्हातारी कितीदा सांगून गेली होती की विहीर आटतेय, आणि ताईने तिला वही उघडून दाखवली होती, "आजी, नदी अजून उतरलेली नाही." हे आठवलं तेव्हा तिने दोन दिवस धड जेवण केलं नाही.

तोवर आम्हाला ती भाबडी चूक वाटत होती. मग ती कारखान्याच्या अर्जाची फाइल बघायला पाणी खात्याच्या ग्रंथालयात गेली आणि मला फोन करून बोलावून घेतलं. अर्जाला पुरावा म्हणून आमच्याच वह्या जोडल्या होत्या. 'नदीच्या रक्षणकर्त्यांच्या स्वतःच्या नोंदींनुसार पाणी मुबलक आहे.' प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला एक बारीक काळी रेघ. ती रेघ माझ्या मशीनची. दोन वर्षांपूर्वी फोरमन वह्या घेऊन दुकानात आला होता, "आगबिग लागली तर एक प्रत असावी," म्हणाला होता. मी स्वतः काढून दिल्या, वर स्पायरल बाइंडिंग करून.

आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने खुर्च्या पुसून दिल्या. ताईने फाइलमधली पानं समोर धरली.

"पंप रविवारी बंद असतात, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पंप मीच बंद करायचो, ताई."

"मग रविवार का सांगितलात?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर कारखान्याच्या कॉलनीतली एकसारखी घरं होती, पिवळी, हिरव्या दारांची. त्यातल्याच एका घरात आम्ही बसलो होतो. नोकरी सोडलेल्या माणसाला कंपनीने बावीस वर्षं घर कसं ठेवू दिलं, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

"तुमच्यात जाऊन बसा, एवढंच साहेब म्हणाले होते," तो म्हणाला. "बायको आजारी होती. घर गेलं असतं. नंतर तुमची सवय झाली. पण आईसाठी केलं ते मनापासून केलं, ताई."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताई पानं गोळा करून उठली.

सुनावणीत कारखान्याच्या वकिलाने वह्या उंच धरून विचारलं, "अक्षर तुमचंच ना?" नाही म्हणाली असती तर खोटेपणा झाला असता, हो म्हणून गप्प बसली असती तर पंप आला असता. ती उभी राहिली.

"अक्षर माझंच. सगळ्या नोंदी रविवारच्या आहेत आणि रविवारी पंप बंद असतात. म्हणून या वह्या नदीबद्दल काहीच सांगत नाहीत. बावीस वर्षं आमची मोजणी चुकली. या माझ्या दीड महिन्याच्या रोजच्या नोंदी. कारखान्याची पंपांची नोंदवही शेजारी ठेवा आणि ताडून बघा."

फोरमनचं नाव तिने घेतलं नाही. "साक्षीपुरावा नसताना भर सभेत माणसाचं नाव घेऊ नये," म्हणाली. परवानगी अडकली. पंप आला नाही, आणि येईल असं आता वाटत नाही.

पण दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला: कार्यकर्तीची कबुली, बावीस वर्षांची आकडेवारी चुकीची. संध्याकाळी मंडळी घरी आली. फोरमनही त्यांच्यातच. नर्स दारातच कडाडली, "आम्हाला एका शब्दाने विचारलंस? आमच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीची माती केलीस!" शिंपी म्हणाला, "कॉलेजात गेल्यापासून आम्ही अडाणी झालो का?"

तेव्हा फोरमन पुढे झाला. "जाऊ द्या. माणूस आहे, चूक होते. आपण ताईंना माफ करू."

आणि माझ्या देखत सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. मी घर, वह्या, झेरॉक्स, सगळं ओकून टाकलं. ताई म्हणाली, "ती खरं बोलतेय." नर्स आमच्यावरच उलटली. "स्वतःची चूक झाकायला या देवमाणसाचं नाव घेता? तुमच्या आईला उचलून बसवायचा तो."

ते गेले. जिन्यात फोरमनला नर्सने एका बाजूने धरलं, शिंप्याने दुसऱ्या. एकेक पायरी जपून उतरवत नेलं त्याला. ताई खिडकीत उभी राहून तो रस्ता ओलांडेपर्यंत बघत होती.

"निदान गुडघा तरी त्याचा खरंच दुखतो," ती म्हणाली, आणि खिडकीच्या गजाला डोकं टेकून रडायला लागली.