सात स्त्रीबीजं आणि नाशिकचे तीन दिवस

मीरा रोडहून गाडीने नाशिकला जायचं तर साडेपाचच्या आत घर सोडा. आम्ही पूनम सागरमधून सव्वासहाला निघालो, कारण आई डबा भरत होती: नाचणीचे लाडू, तिळाची चटणी. चेणे गावाच्या पुढे घोडबंदरचा घाट ट्रकांनी तुंबलेला. दीड तास तिथेच गेला.

एरवी मी इथे फिरण्याबद्दल लिहितो, पण या वेळी मूल होण्याच्या उपचारांसाठी नाशिकच्या एका दवाखान्यात चाललो होतो. चार महिन्यांपूर्वी आमच्याकडच्या दवाखान्यात माझ्या बायकोची, वृषालीची, अकरा स्त्रीबीजं काढली, प्रत्येकात सुईने माझा शुक्राणू सोडला, आणि एकही फळलं नाही. फोन मला आला. "बीजाला कॅल्शियमचा इशाराच मिळाला नाही," डॉक्टर म्हणाले. पुढेही बरंच बोलले. मी घरी एवढंच सांगितलं की कॅल्शियमचा प्रॉब्लेम आहे, आणि फाईल कपाटात ठेवली.

आईने ते आमच्या अख्ख्या विंगला सांगितलं. शेजारच्या जागृतीबेन वृषालीला जिन्यात गाठून म्हणायच्या, "भाभी, रागी खाओ, सब ठीक हो जाएगा." दुधाचा वासही न सोसणारी वृषाली रोज दोन पेले दूध प्यायली. मी समोर बसून बघत होतो.

कसाऱ्याला वडे गरम मिळाले. तिने लाडूच खाल्ला.

नाशिकला दवाखान्यामागच्या लॉजवर खोली दीड हजाराला मिळते. गरम पाणी नऊपर्यंतच, तेव्हा आंघोळ लवकर उरका. दुपारी प्रयोगशाळेतल्या मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. वृषालीने विचारलं, "नाचणी चालू ठेवू ना?"

मॅडम गोंधळल्या. "खाण्याचा काय संबंध? कॅल्शियम बीजात साठवलेलं असतंच. शुक्राणू आत शिरताना एक प्रथिन आणतो, त्याने ते मोकळं होतं. लाट उठते, विरते, पुन्हा उठते, असं कितीतरी तास. त्यानेच बीज जागं होतं. मिस्टरांच्या शुक्राणूंत ते प्रथिनच नाहीये. पहिल्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की."

वृषालीने माझ्याकडे पाहिलं. लॉजवर आल्यावर एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं."

आधीची इंजेक्शनं घरीच घेऊन झाली होती; दुसऱ्या दिवशी सात बीजं मिळाली. शुक्राणू सोडून ती काही मिनिटं औषधात ठेवली, बाहेरून तरी कॅल्शियम आत शिरावं म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला. सातही झोपलेलीच. मॅडम म्हणाल्या, औषध एकच लाट उठवतं, सगळ्यांना ती पुरत नाही. आम्ही मिसळ मागवली आणि तशीच टाकून उठलो.

दार उघडताच आईने चेहऱ्यांवरून ओळखलं. वृषालीला म्हणाली, "तुझं अंगच कमजोर गं. किती खाऊ घालायचं?"

"आई, दोष तिच्यात नाही, माझ्यात आहे," मी म्हणालो. "मला चार महिने माहीत होतं."

आईने उठून दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "वृषाली, हे बाहेर कुणाजवळ बोलू नकोस हं."

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. इथे लिहू का, असं काल वृषालीला विचारलं. ती म्हणाली, "लिही. माझं बिल्डिंगभर झालं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."